पाणी पास आहे ना, दीदी?

आमच्या लॅबमध्ये बाटल्या धुवून परत वापरता येतात, किश्शांचं तसं नाही. ते साचतच जातात! काउंटरवर कुणी काही बोललं नाही आणि मी कपाळाला हात लावला नाही, असा दिवस जात नाही. घरी येऊन सांगते, तर नवरा म्हणतो, "तू बनवून सांगतेस." अहो, बनवून सांगायची अक्कल असती तर मी पाण्याच्या लॅबमध्ये कशाला बसले असते?

आधी थोडी ओळख. मी अनघा. आजोबा नोकरीसाठी कोलकात्याला आले आणि इकडचेच झाले. माझा जन्म, शाळा, कॉलेज सगळं इथलंच. पुण्याचे नातेवाईक म्हणतात, तुझ्या मराठीला माशाचा वास येतो. येऊ दे! गडियाच्या पुढे एका छोट्या खासगी लॅबमध्ये मी केमिस्ट आहे. लोक घरच्या बोअरचं पाणी आणतात, आम्ही तपासून देतो. लोह, नायट्रेट, फ्लोराइड, आणि आमच्या भागाचं खास दुखणं म्हणजे आर्सेनिक. ते कुणी पाण्यात घालत नाही, जमिनीतूनच येतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की मग अंगावर डाग उठतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात, आणि पुढचं मी जेवणाच्या टेबलावर सांगत नाही.

आता लोक घरी पाणी कसं तपासतात? ग्लास उजेडात धरतात, हुंगतात, एक घोट घेतात आणि म्हणतात, "आहा, मिष्टी जोल!" म्हणजे गोड पाणी. संपला विषय!

*

काउंटरवर आमची मौसुमी बसते. रिकामी बाटली देताना ती प्रत्येकाला तेच ते सांगते: "तळाला ॲसिडचे थेंब आहेत, ते मुद्दाम घातलेत. बाटली धुवायची नाही. पंप थोडा वेळ चालू ठेवायचा, मग बाटली भरायची, झाकण लावायचं, घेऊन यायची." बाटलीवर हेच बंगालीत, हिंदीत आणि इंग्रजीत छापलेलं आहे. तरी दर आठवड्याला निम्म्या बाटल्या धुऊन येतात. ॲसिड गेलं की आर्सेनिक लोहाबरोबर बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि आकडा चुकतो. मग सगळं पहिल्यापासून!

एकदा एक रिटायर्ड प्रोफेसर आले. धोतर कडक इस्त्रीचं, बोलणं त्याहून कडक. त्यांची बाटली अशी चकचकीत की तिच्यात तोंड दिसावं. मी काही विचारायच्या आधीच मला झापायला लागले, "तुमच्या लोकांना स्वच्छता ठाऊक नाही का? आत कसले तरी थेंब होते! मी साबणाने घासली, गरम पाण्याने विसळली, उन्हात वाळवली, मग भरली!"

मी म्हटलं, "सर, ते थेंब ॲसिडचे होते. बाटलीवर लिहिलंय."

"मी वाचलं. पण थेंब बघवेनात."

मौसुमीने मुकाट्याने दुसरी बाटली काढून दिली. ते दारापर्यंत गेल्यावर मला राहवेना. विचारलं, "सर, तुम्ही शिकवायचात काय?"

"केमिस्ट्री," ते म्हणाले, आणि छत्री उघडून निघून गेले.

*

या शहरातल्या माणसाला 'टेस्ट' हा शब्द ऐकू आला की दहावीची परीक्षा आठवते. पाणी तपासायचं म्हणजे पाण्याला पास करून आणायचं! त्यामुळे रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला: "पास आहे ना, दीदी?" नापास म्हटलं की तोंड असं करतात, जणू मीच मुद्दाम अवघड पेपर काढला. कुणी पाणी उकळून आणतं, कुणी तुरटी फिरवून आणतं. एका बाईंनी तर दोन थेंब गंगाजल घालून आणलं होतं, "म्हटलं तेवढाच आधार."

पण सगळ्यात थोर तो न्यू टाउनकडचा बिल्डर. नव्या बिल्डिंगला बोअर मारलं होतं, फ्लॅट घेणारे रिपोर्ट मागत होते. गळ्यात चेन, हातात दोन फोन. नमुना आणला तो आमच्या बाटलीत नाही, दुकानात मिळते त्या पाण्याच्या बाटलीत. लेबल तेवढं सोलून काढलेलं. "बोअरचं पाणी आहे, दीदी, आज सकाळीच काढलं."

मी बाटली हातात घेतली. झाकण फिरवलं. कट्ट कट्ट कट्ट करून सील तुटलं!

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने छताकडे बघितलं. मी म्हटलं, "दादा, तुमचं बोअर सील लावून पाणी देतं?"

माणूस जरा तरी ओशाळेल की नाही? छे! काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून म्हणतो, "असं करा दीदी, बोअरचं पण तपासा आणि हे पण तपासा. ज्याला जास्त मार्क पडतील त्याचा रिपोर्ट द्या."

*

हे सगळे परके. त्यांच्यावर चिडायचं आणि सोडून द्यायचं. खरा जीव घेतला तो आमच्या करंदीकर काकांनी.

काका म्हणजे बाबांचे मित्र. सगळी नोकरी खिदिरपूरच्या डॉकमध्ये झाली. रिटायर होऊन सोनारपूरच्या बाजूला एका गल्लीत घर बांधलं, अंगणात बोअर मारलं. बोअरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत, टाकीतून घरात. पुढे मालतीकाकू गेल्या. मूलबाळ नाही. काकूंना दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय राहवायचं नाही, म्हणून काकांनी फाटकाबाहेर एक नळ काढला आणि वर संगमरवरी पाटी लावली: 'मालतीजल'. एकदा बंगालीत, एकदा मराठीत. मराठी वाचणारं त्या गल्लीत दुसरं कोणी नाही. अख्खी गल्ली त्या नळावर यायला लागली. समोरच प्राथमिक शाळा. मधल्या सुट्टीत मुलांची रांग लागायची. काका व्हरांड्यात बसून बघत बसायचे. मला फोनवर सांगायचे, "अनघा, आज पोरांनी नुसता दंगा घातला नळावर!" आवाजातून आनंद ओसंडायचा.

एके दिवशी काका थर्मास घेऊन लॅबमध्ये हजर. "हे माझ्या बोअरचं पाणी. तपासायला नाही आणलेलं! नमुना म्हणून ठेव. चांगलं पाणी कसं असतं, तुमच्या लोकांना कळू दे."

मी हसले आणि केवळ सवयीने ते मशीनला लावलं. आकडा बघून हसू गेलं. आर्सेनिक, मर्यादेच्या कितीतरी पट. म्हटलं थर्मासचा दोष असेल. दुसऱ्या दिवशी आमची बाटली घेऊन मी स्वतः गेले, स्वतःच्या हाताने भरली. तोच आकडा.

व्हरांड्यात बसून काकांना सांगितलं. त्यांनी रिपोर्ट उलटा करून मागची कोरी बाजूसुद्धा बघितली. मग म्हणाले, "मालती शेवटपर्यंत हेच पाणी प्यायली."

ते काय विचारत होते ते मला कळलं. म्हटलं, "काका, ते मला नाही सांगता येणार. मशीनला बाटलीतलं तेवढंच कळतं."

बराच वेळ चष्मा पुसत बसले. मी म्हणत होते, काका, आधी तो बाहेरचा नळ बंद करा, लहान मुलं पितायत. ते ऐकत होते की नाही, देव जाणे. शेवटी उठले आणि म्हणाले, "चहा टाकतो. घेशील ना?"

त्याच पाण्याचा चहा! आणि त्यांचा तो चेहरा बघून मी तो प्यायले. आता बोला! म्हणे केमिस्ट!

*

मला वाटलं, समजलं असेल. कुठलं काय! आठ-दहा दिवसांत काकांचा फोन, आवाज एकदम खणखणीत. "अनघा, तुझं मशीन दुरुस्तीला टाक! आत्ता एक मुलगा येऊन गेला. त्याने मीटरने तपासलं. माझं पाणी फर्स्ट क्लास!"

मीटर म्हणजे ते पेनासारखं टीडीएस मीटर. फिल्टर विकणारे दारोदार घेऊन फिरतात. पाण्यात एकंदर किती क्षार विरघळलेत तेवढंच ते सांगतं. आर्सेनिक एवढंसं असतं की त्याने त्या पेनावरचा आकडा ढिम्म हलत नाही. हे मी काकांना फोनवर समजावलं. एकदा नाही, घसा बसेपर्यंत. सगळं ऐकून काका काय म्हणाले? "तुझ्या मशीनला आठवडा लागतो. त्याच्या पेनाला दोन सेकंद!"

मी हट्टालाच पेटले. म्हटलं, पाठवा त्याला लॅबमध्ये. आला. टाय, बॅग, तोंडात सारखं मॅडम-मॅडम. मी त्याच्यासमोर डिस्टिल्ड वॉटरचा बीकर घेतला, त्यात आमच्या आर्सेनिकच्या द्रावणाचा थेंब टाकला आणि म्हटलं, "बुडव तुझं पेन."

त्याने बुडवलं. आकडा जवळजवळ शून्य. डोळे विस्फारून म्हणाला, "मॅडम, हे तर काकाबाबूंच्या पाण्यापेक्षाही प्युअर!"

"समजलं ना आता? यात किती आर्सेनिक आहे ते तू डोळ्यांनी बघितलंस, आणि तुझं पेन..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या शहाण्याने बीकर उचलून तोंडाकडे नेला! मी आणि मौसुमी दोघी एकदम त्याच्यावर झेपावलो. बीकर फुटला, त्याचा टाय भिजला. आणि तो बिचारा मला समजावतोय, "मॅडम, घाबरताय काय? मीटर खोटं बोलत नाही!"

*

आपली मराठी माणसं यात मागे असतील असं समजू नका. बँकेतले एक साहेब बदली होऊन इकडे आले, भाड्याने घेतलेल्या बंगल्यात बोअर. वहिनी मोठ्या टापटिपीच्या. पाणी तपासून घेतलं, आर्सेनिक निघालं, आणि त्यांनी मी सांगितलं तसा आरओ लगेच बसवून घेतला. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, एक तरी घर ऐकणारं निघालं.

वहिनींनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. गरम वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड, बटाट्याची पिवळी भाजी. दोन घास झाले. वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्या फिल्टरचं एक मात्र आवडलं नाही हं. किती पाणी वाया जातं त्या मागच्या नळीतून!"

मी म्हटलं, "हो, ते जायचंच. सगळी घाण त्यातच जाते."

"मी काही जाऊ देत नाही! नळी बादलीत सोडलीये. प्यायला फिल्टरचं, आणि वरण-भाताला बादलीतलं."

माझा घास हातातच राहिला. म्हणजे बोअरमधल्या पाण्यातलं आर्सेनिक गाळून, गोळा करून, वहिनींनी त्यात तांदूळ शिजवले होते! मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. त्या क्षणभर गडबडल्या, मग हसल्या. "अहो, पण मी तसंच नाही वापरत. चांगलं खळखळून उकळते."

"वहिनी, उकळून जंतू मरतात. आर्सेनिक मरत नाही. पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं!"

वहिनींनी फार गंभीरपणे विचार केला. मग माझ्या ताटात भात वाढत म्हणाल्या, "मग किती वेळ उकळायचं?"

*

इकडे काकांचं मन हळूहळू पालटत होतं. माझ्यामुळे नाही. मधल्या सुट्टीत एक चिमुरडी नळाला तोंड लावून पीत होती, असं मागाहून म्हणाले. बघवेना म्हणून उठून आत गेले. त्या दिवशी फोन केला आणि एवढंच म्हणाले, "फिल्टर बसव."

मी तीन ठिकाणी फोन फिरवून माणसं गाठली. माणसाच्या उंचीचं नळकांडं, आत आर्सेनिक धरून ठेवणारी खडी, त्यातून आलेलं पाणी फाटकाबाहेरच्या नळाला. शेजारी एक आडवाटेचा नळ, फिल्टरला वळसा घालून थेट टाकीचं पाणी देणारा, फिल्टर साफ करताना लागतो तेवढ्यापुरता. बसवून झालं. मी म्हटलं, सुटले!

पण गल्लीत क्लब आहे, आणि क्लबचे सेक्रेटरी आहेत बाप्पादा. अशी वस्तू गल्लीत येणार आणि उद्घाटन नाही? फिल्टरला प्लास्टिक गुंडाळलं, वर लाल फीत बांधली. कुणी बडे पाहुणे येणार होते. त्यांची तारीख मिळेना. आणि तोवर पोरं? पोरं फितीच्या शेजारच्या आडवाटेच्या नळावर तेच जुनं पाणी पीत होती!

मी तिथे जाऊन अक्षरशः भांडले. "बाप्पादा, ती फीत आत्ताच्या आत्ता कापा!"

बाप्पादा शांतपणे म्हणाले, "दीदी, फीत आत्ता कापली तर पाहुणे येऊन काय कापणार?"

एकदाचे पाहुणे आले. मांडव, माइक, गाण्याच्या क्लासच्या मुली. पाणी हेच जीवन या विषयावर भाषण इतकं लांबलं की मलाच तहान लागली. फीत कापली. बाप्पादांनी फिल्टरच्या पाण्याचा पहिला ग्लास भरून पाहुण्यांच्या हातात दिला. पाहुण्यांनी ग्लास ओठांशी नेला, फोटो निघाला. मग तो ग्लास तसाच बाप्पादांच्या हातात परत दिला आणि स्वतःच्या पिशवीतून बाटली काढून घटाघटा पाणी प्यायले.

*

फिल्टर किती दिवस टिकला म्हणता? टिकून आहे तो अजूनही, वापरात मात्र राहिला नाही. त्याचं पाणी बारीक धारेने येतं, घागर भरायला वेळ लागतो. गल्लीने आडवाटेचा नळ पुन्हा उघडला आणि फिल्टरच्या डोक्यावर कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवली.

गल्लीची मुख्य म्हणजे बुलूमाशी, आपल्याकडची मावशी. साठीची बाई, आवाज असा की पलीकडच्या गल्लीत कळावं. तिची दोन नातवंडं त्याच समोरच्या शाळेत. ती मला म्हणाली, "दीदी, फिल्टरच्या पाण्याला चवच नाही. मालतीदींच्या पाण्याला कशी गोडी होती!"

"माशी, त्यात विष आहे हो!"

"मग दिसत का नाही?"

यावर मी काय डोकं फोडून घेऊ? कोपऱ्यावर म्युनिसिपालिटीचा नळ आहे, त्याचं पाणी मी स्वतः तपासलंय, उत्तम आहे. पण तो लांब, तिथे रांग, आणि पाण्याला ब्लीचिंगचा वास. वास आला म्हणजे पाणी वाईट! हे मात्र सगळ्यांना कळतं.

काकांनी मग एकेक उपाय केला. आडवाटेच्या नळाला कुलूप लावलं, ते तुटलं. बंगालीत मोठी पाटी लावली, 'आर्सेनिक आहे, पिऊ नये', तिच्यावर कुणाचा तरी गमछा वाळत पडायला लागला. प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, तर लोक त्यांना वरपासून खालपर्यंत बघत आणि म्हणत, "काकाबाबू, तुम्ही इतकी वर्षं हेच पिताय ना? आणि बघा कसे ठणठणीत आहात!"

"अनघा," काका मला म्हणाले, "मला आता माझ्या तब्येतीचा राग यायला लागलाय."

शेवटी टाकीतून बाहेरच्या नळांना जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्हच बंद केला. दुपारी बुलूमाशी रिकामी बादली घेऊन फाटकाशी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडायला लागली! संगमरवरी पाटीवरून हात फिरवत म्हणाली, "मालतीदी असत्या तर त्यांनी दारातल्या माणसाला असं परत पाठवलं असतं का?"

काका जिना चढून गच्चीवर गेले आणि व्हॉल्व्ह उघडला.

मला फोन आला, "माझ्याच्याने नाही होत गं. मालतीच्या नावाने मागतात."

मी इतकी भडकले! "काका, मुलं पितायत! तुम्हाला कळतंय ना? काकूंच्या नावाने मुलं पितायत ते!" असं बोलायला नको होतं. पण आले होते अगदी टेकीला.

 मग काका म्हणाले, "ओरडू नकोस. कळतंय मला." आणि फोन ठेवला. मी वजनकाट्यासमोर बसून चक्क रडले. मौसुमीने न विचारता पंखा माझ्याकडे फिरवला.

*

यानंतर फार दिवस झाले नव्हते. सकाळी लॅब उघडते न उघडते तोच बाहेर टोटोंची, म्हणजे इकडच्या बॅटरीवरच्या रिक्षांची रांग. एकेका टोटोतून चार-चार, पाच-पाच माणसं उतरतायत, आणि सगळी काकांच्या गल्लीतली! ज्यांना इतके महिने मी तपासायला या, तपासायला या म्हणून विनवत होते, ते सगळे. पुढे बुलूमाशी, मागे बाप्पादा, त्यांच्यामागे शाळेच्या दोन मास्तरीणबाई. सगळ्यांच्या हातात बाटल्या, डबे, एकाच्या हातात तर दुधाची किटली.

"दीदी!" बुलूमाशी दारातूनच किंचाळली. "सर्वनाश! बघा, बघा काय झालंय!"

तिने बाटली काउंटरवर आपटली. पाणी निळंभोर! एकेक करून सगळ्यांनी आपापलं भांडं मांडलं. सगळ्यात तेच. मौसुमीचा काउंटर निळा झाला.

"मालतीजलला कुणीतरी विष घातलं!"

"पहाटेपासून असंच येतंय!"

"कुणी प्यायलं नाही ना?" मी विचारलं.

"प्यायला काय वेड लागलंय? मुलांना एक थेंब दिला नाही! सगळी गल्ली सकाळपासून कोपऱ्यावरच्या नळावर आहे!"

मास्तरीणबाई म्हणाल्या, "आम्ही शाळेचा माठसुद्धा ओतून टाकला. आता त्या नळाकडे मुलांना फिरकू देणार नाही."

मी एक बाटली उघडली, हुंगली. खरं सांगू? मला हसावं की किंचाळावं कळेना. मी महिनोन्महिने आकडे दाखवले, आलेख काढले, तळहातांचे फोटो दाखवले, घसा फोडला, आणि ही माणसं ढिम्म! आणि आज बघा, टोटो करून धावत आली होती.

"थांबा," मी म्हटलं. "तपासावं लागेल."

"तपासायचं काय त्यात? दिसतंय ना!" बाप्पादा ओरडले. इतक्या वर्षांत दिसतंय म्हणून मला ऐकवणारे ते पहिलेच नव्हते, पण त्या दिवशी मी सोडून दिलं. म्हटलं, "बरोबर आहे, बाप्पादा. हे पाणी पिऊ नये. कधीच. मी लिहून देते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जणू डॉक्टरने निदान सांगितलं. मग बुलूमाशी पुढे आली. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"दीदी, खरं सांगा. हे खराब कधीपासून झालं?"

आता आली का पंचाईत! उत्तर मला ठाऊक होतं, पण ते दिलं की त्याच्याबरोबर पाटीवरचं नाव आलं, आणि इतकी वर्षं रोज पाजणारा माणूस आला. समोर दोन नातवंडांची आजी उभी. मी उगाच बाटलीचं झाकण लावत बसले.

तेव्हा मागून गर्दी जरा हलली आणि करंदीकर काका पुढे आले. ते आलेत हे मी बघितलंसुद्धा नव्हतं. लोकांनी वाट दिली, कुणीतरी खुर्ची सरकवली. ते बसले नाहीत. पाठीमागे बांधलेले हात त्यांनी पुढे आणले आणि काउंटरवर ठेवले. दोन्ही हात मनगटापर्यंत कपड्यांच्या निळीने निळे.

"खराब पहिल्या दिवसापासून आहे, बुलू," काका त्यांच्या डॉकवाल्या बंगालीत म्हणाले. "निळं तेवढं आज पहाटे मी केलं."